मोरचुदाचा निळा, मुठ्याचा निळा

पावसाळा तोंडावर आला की शहापूर-मुरबाडच्या कृषी सेवा केंद्रांत भाताच्या बियाण्याची आणि युरियाची थप्पी लागते. त्याच दुकानात मागच्या फळीवर मोरचूद असते. गुरांची खुरे सडू लागली की त्याच्या पाण्यात पाय बुडवायचे, आंब्यावर किंवा वेलभाज्यांवर बुरशी आली की चुन्यात मिसळून फवारायचे, एवढीच त्याची इथली ओळख. पण त्यातला एक बरासा खडा निवडून उजेडात धरावा. पहिल्या नजरेला तो चौकोनी वाटतो. नीट पाहिले तर त्याचा एकही कोपरा काटकोनात नाही. सगळ्या बाजू कलत्या, आणि कलही तीन दिशांना तीन तऱ्हांचा. दुसरा नीट वाढलेला खडा घ्या, लहान असो वा मोठा, त्याच जोडीच्या बाजूंमधला कोन तोच भरतो. बाहेरून दिसणारी ही शिस्त आतून आलेली असते. आत काय आहे हे कळायला मात्र जगाला बराच वेळ लागला, आणि त्या शोधाची सुरुवात नेमकी मोरचुदापासूनच झाली.

१९१२ सालच्या वसंतातली गोष्ट. म्युनिकमध्ये माक्स फॉन लाउए यांनी एक तर्क मांडला होता. स्फटिकातले अणू खरोखर ओळीने, ठरावीक अंतरावर बसलेले असतील आणि क्ष-किरण या लहरी असतील, तर स्फटिकातून जाताना त्या विखुरतील आणि पलीकडे ठिपक्यांची नक्षी उमटेल. वाल्टर फ्रीडरिश आणि पाउल क्निपिंग या दोघांनी क्ष-किरणांच्या वाटेत एक स्फटिक ठेवला आणि मागे फोटोची काच लावली. तो स्फटिक मोरचुदाचा होता. काचेवर मधल्या मोठ्या डागाभोवती ओबडधोबड ठिपके आले. अणूंची मांडणी माणसाला पहिल्यांदा दिसली ती अशी. लाउए यांना १९१४ चे नोबेल मिळाले. मोरचुदाला मात्र लगेच रजा देण्यात आली. त्याचा तिरपागडा स्फटिक गणिताला फार जड जात होता, म्हणून पुढचे प्रयोग झिंक ब्लेंडसारख्या सरळ खनिजावर झाले.

मोरचुदाचे गणित सुटायला आणखी बावीस वर्षे गेली. लिव्हरपूलला शिकलेल्या आर्नोल्ड बीव्हर्स आणि हेन्री लिप्सन या दोन तरुणांनी १९३४ मध्ये ते सोडवले. संगणक नव्हता, साइन-कोसाइनच्या हजारो बेरजा हाताने करायच्या. त्या कटकटीतूनच पुढे त्यांनी आकडे छापलेल्या कागदी पट्ट्या तयार केल्या, आणि या पट्ट्यांच्या पेट्या कित्येक वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांत वापरात होत्या.

त्यांना काय सापडले? सूत्रात आपण लिहितो, कॉपर सल्फेट आणि पाच पाणी. जणू पाचही पाणी एकाच मानाची. प्रत्यक्षात तांब्याच्या अणूभोवती चारच पाणी आहेत, एका सपाट चौकोनाच्या चार टोकांना, ऑक्सिजनचे तोंड तांब्याकडे करून. वर आणि खाली शेजारच्या सल्फेटांचे एकेक ऑक्सिजन. अशा सहा जागा भरल्या. पाचवे पाणी तांब्याला शिवतही नाही. ते बाकीच्या पाण्यांना आणि सल्फेटांना हायड्रोजन बंधांनी धरून मधल्या पोकळीत असते. हे नुसते कागदावरचे नाही. मोरचूद सावकाश तापवले तर पाणी टप्प्याटप्प्याने सुटते: आधी दोन, मग दोन, आणि शेवटचे एक तेवढे दोनशे अंश सेल्सियसच्या पुढे गेल्याशिवाय हलत नाही. हे हट्टी पाणी म्हणजे तांब्यापासून दूर असलेले ते पाचवे, असा अनेकांचा समज असतो. तो सरसकट खरा नाही. तापताना आतली मांडणीच बदलत जाते, त्यामुळे सुरुवातीचा मान शेवटपर्यंत टिकत नाही.

धातूच्या भोवती अशा ठरावीक जागा असतात, ही कल्पना क्ष-किरणांच्याही आधीची, आणि ती एका माणसाने जवळजवळ निव्वळ डोक्याने काढली. आपल्या शहापूर तालुक्यात तानसा धरण पूर्ण होऊन मुंबईला पाणी जाऊ लागले ते १८९२ मध्ये. साधारण त्याच सुमाराला झुरिकमध्ये आल्फ्रेड वेर्नर नावाचा सव्वीस वर्षांचा रसायनतज्ज्ञ कोबाल्टच्या एका कोड्यापाशी अडला होता. कोबाल्ट क्लोराइड आणि अमोनिया यांची संयुगे निघत होती ती रंगीबेरंगी: सहा अमोनियाचे पिवळे-नारिंगी, पाचाचे जांभळट, चाराचे एक हिरवे. प्रत्येकात क्लोरीन तीनच. पण चांदीचे द्रावण घातले की पहिल्यातले तिन्ही क्लोरीन खाली बसत, दुसऱ्यातले दोन, तिसऱ्यातले एकच. उरलेले क्लोरीन कुठे अडकत होते? सांगतात की वेर्नर रात्री दोन वाजता दचकून उठला तो उत्तर घेऊनच, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत लिहीत बसला. लेख १८९३ मध्ये छापून आला.

त्याचे म्हणणे असे. धातूचे देणे-घेणे दोन प्रकारचे असते. एक हिशेबाचे, म्हणजे विद्युतभाराचे. दुसरे जागांचे. कोबाल्टभोवती जागा सहा: चार बाजूंना चार, वर एक, खाली एक. अमोनिया कमी पडला की रिकाम्या जागेवर क्लोरीन येऊन बसतो, आणि एकदा तो आतल्या जागेवर बसला की चांदीच्या हाती लागत नाही. या आतल्या जागांवर बसणाऱ्यांना आज लिगंड म्हणतात आणि अशा संयुगांना समन्वय संयुगे; बारावीची मुले त्यांना कोऑर्डिनेशन कंपाउंड्स म्हणून ओळखतात. सहा जागा अष्टफलकाच्या टोकांवर असतील तर चार अमोनिया आणि दोन क्लोरीन यांच्या मांडण्या दोनच निघायला हव्यात, दोन क्लोरीन समोरासमोर किंवा शेजारी शेजारी. हिरवे हाती होते. शेजारी क्लोरीन असलेले जांभळे १९०७ मध्ये वेर्नरच्या प्रयोगशाळेत निघाले, आणि तिसरे कधीच निघाले नाही. १९१३ चे नोबेल त्याला मिळाले. क्ष-किरणांनी अशा संयुगातला अष्टफलक प्रत्यक्ष दाखवला तो १९२१ मध्ये, प्लॅटिनमच्या एका क्षारात. वेर्नर १९१९ मध्येच वारला होता.

आता रंग. मोरचुदाचे थोडे चूर्ण जुन्या पळीत घेऊन तापवा (ती पळी परत स्वयंपाकाला घ्यायची नाही, मोरचूद विषारी आहे). निळा उतरत जाऊन पांढरी भुकटी राहते. तांबे तेवढेच, तिथेच. गार झालेल्या भुकटीवर पाण्याचा थेंब सोडला की ती चुरचुरत निळी होते आणि पळी हाताला गरम लागते. तांब्यामुळे मोरचूद निळे, असे आपण सहज म्हणतो. पण पांढऱ्या भुकटीतही तेच तांबे आहे. फरक पडला तो शेजाऱ्यांमुळे.

संक्रमण मूलद्रव्यांच्या, म्हणजे लोह, तांबे, कोबाल्ट, व्हॅनेडियम यांच्या बाहेरच्या भागात इलेक्ट्रॉनांसाठी पाच घरे असतात. अणू एकटा असेल तर पाचही एकाच पातळीवर. भोवती सहा लिगंड येऊन बसले की ज्या घरांची तोंडे लिगंडांच्या रोखाने आहेत त्यांतल्या इलेक्ट्रॉनांना अडचण होते. ती दोन घरे वर उचलली जातात, तीन खाली राहतात. मधली दरी किती मोठी हे लिगंड ठरवतो, आणि ती दरी नेमकी उजेडाच्या ऊर्जेएवढी भरते. पाणी असेल तर तांबे लाल टोकाचा उजेड गिळते आणि आपल्याला निळे दिसते. पाणी जाऊन सगळीकडे सल्फेटचे ऑक्सिजन आले की दरी आकुंचते, गिळणे डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त भागात सरकते, म्हणून पांढरे. अमोनिया घातला की दरी रुंदावते आणि रंग गडद, जांभळट निळा होतो. हान्स बेथे यांनी १९२९ मध्ये या विचाराचा पाया घातला. बारावीत हा धडा बहुतेक मुले संकरणाच्या कोष्टकांसकट घोकून पार करतात. पळीतली भुकटी आधी आणि कोष्टक नंतर आले तर घोकायला फारसे उरणार नाही, असे मला वाटते.

तांब्याची आणखी एक खोड आहे. मोरचुदातली चार पाणी तांब्यापासून सुमारे १.९६ आंगस्ट्रॉमवर आहेत, वरखालचे दोन ऑक्सिजन २.४ च्या आसपास (एक आंगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा कोटावा भाग). सहाही जण सारख्या अंतरावर का नाहीत? तांब्याच्या त्या पाच घरांत इलेक्ट्रॉन नऊ. वरच्या दोन घरांत तीन. एक घर भरलेले, एक अर्धे. ज्या दिशेला गर्दी जास्त तिकडचे लिगंड लांब ढकलले जातात आणि अष्टफलक ताणला जातो. यान आणि टेलर यांनी १९३७ मध्ये हा नियम सिद्ध केला. त्याच सुमारास कोलकात्यात के. एस. कृष्णन आणि ए. मुखर्जी मोरचुदाच्या खड्यांचे चुंबकत्व वेगवेगळ्या दिशांनी मोजत होते. त्यांचा १९३६ चा लेख बीव्हर्स-लिप्सन यांच्या मांडणीवर आधारलेला आहे: या स्फटिकात तांब्याच्या दोन तऱ्हेच्या जागा आहेत, दोन्हीकडचे अष्टफलक ताणलेले, आणि त्यांचे अक्ष एकमेकांशी जवळजवळ काटकोनात. चिमूटभर खड्याच्या चुंबकत्वावरून आतल्या अष्टफलकांचा रोख वाचणे ही साधी कामगिरी नव्हे, आणि ती आपल्या देशात झाली हे आपल्या पुस्तकांत क्वचितच येते.

आता परत शेतावर येऊ. बोर्डो मिश्रण एक टक्क्याचे करायचे तर एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत, लोखंडी बादली वर्ज्य. मिश्रण झाले की जाणती माणसे घासलेला विळा त्यात बुडवून धरतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. कारण सरळ आहे: पाण्याने वेढलेले मोकळे तांबे अजून द्रावणात शिल्लक आहे, ते लोखंडाला बाहेर काढून स्वतः पात्यावर बसते. तेच मोकळे तांबे कोवळ्या पानाला जाळते. चुना पुरेसा पडला की तांब्याभोवतीच्या पाण्याच्या जागी हायड्रॉक्सिल येतात, शेजारचे तांबे एकमेकांना जोडले जातात आणि आकाशी रंगाचा बुळबुळीत साका तयार होतो. तो पानाला चिकटतो आणि पावसाच्या पाण्यात, बुरशीच्या बीजाणूंच्या स्रावात थोडे थोडे तांबे सोडत राहतो. फ्रान्सच्या मेडोक भागात रस्त्याकडेच्या द्राक्षांवर, चोरांनी हात लावू नये म्हणून, हे निळे पाणी शिंपडत. तेवढ्याच वेलींवर रोग नाही हे मियार्दे यांनी हेरले आणि १८८५ मध्ये जगाला सांगितले. रात्रीचे उरलेले मिश्रण दुसऱ्या दिवशी वापरू नये म्हणतात तेही खरे, कारण साक्याचे कण वाढून जाड होतात आणि पानावर धरत नाहीत.

त्याच दुकानात 'चिलेटेड झिंक' लिहिलेली पाकिटे असतात, साध्या झिंक सल्फेटपेक्षा बरीच महाग. भाताला खैरा रोग पडला, पानांवर तांबूस ठिपके आले, की जस्त कमी पडले समजायचे. साधे जस्त जमिनीत गेले की फॉस्फेट, कार्बोनेट त्याला पकडून न विरघळणारे करून टाकतात. पाकिटातल्या जस्ताला मात्र ईडीटीए नावाच्या एकाच लांब रेणूने सहा ठिकाणी धरलेले असते, दोन नायट्रोजन आणि चार ऑक्सिजन. मुठ्याने, म्हणजे खाचरातल्या खेकड्याने, नांग्यांत धरावे तशी ही पकड. एक नांगी सैल झाली तरी दुसरी सोडत नाही. जास्तीचे पैसे या पकडीचे. सामू कमी असलेल्या, आम्लधर्मी जमिनीत साध्या झिंक सल्फेटनेही बऱ्याचदा काम भागते, हे पाकिटावर लिहिलेले नसते.

चिखलणी झालेल्या खाचरात लोहाचा असाच खेळ चालतो. वर पाणी उभे राहिले की मातीतला ऑक्सिजन लवकरच संपतो आणि जिवाणू मातीतल्या लोहावर आपली गरज भागवू लागतात. तीन भाराचे लोह दोन भाराचे होते, विरघळते, आणि तांबूस माती आतून करडी पडते. अशा खाचरातला एखादा चूड उपटून मुळे धुतली तर त्यांवर गंजाचा पातळ लेप दिसतो. भाताच्या मुळांत हवेच्या नळ्या असतात. त्यांतून झिरपलेला ऑक्सिजन मुळाच्या अंगालगत लोहाला पुन्हा तीन भाराचे करून तिथेच बसवतो. भात निघाला, जमीन वाळली, त्याच मातीच्या विटा पडल्या की पुढचा अंक. मातीतला पिवळट गोथाइट तीनशे अंशांच्या आसपास पाणी सोडून हेमॅटाइट होतो. लोहाचे अष्टफलक एकमेकांना अधिक जवळून चिकटतात आणि वीट लाल निघते. भट्टीच्या ज्या पोटात हवा पोचत नाही तिथल्या विटा काळ्या. त्यांत लोह कमी नसते, ऑक्सिजन कमी पडलेला असतो.

आणि मुठे. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री, वलगणीचे मासे चढू लागतात तेव्हा, बांधाबांधाने बॅटऱ्या फिरताना दिसतात. धरलेल्या मुठ्याची नांगी तुटली की जखमेतून जो द्रव येतो तो लाल नसतो. आधी जवळजवळ पाण्याच्या रंगाचा, हवेत राहिला की फिकट निळसर. मुठ्याच्या रक्तात ऑक्सिजन वाहणारे हिमोसायनिन हे प्रथिन असते आणि त्यात लोहाऐवजी तांबे. एका जागी तांब्याचे दोन अणू समोरासमोर, प्रत्येकाला हिस्टिडिनच्या तीन नायट्रोजनांनी धरलेले. ऑक्सिजन नसताना तांबे एक भाराचे असते. पाचही घरे भरलेली, इलेक्ट्रॉनाला उडी मारायला जागाच नाही, म्हणून रंग नाही. ऑक्सिजनचा रेणू आला की तो दोन तांब्यांच्या मधोमध येतो, त्यांचे एकेक इलेक्ट्रॉन घेतो, आणि रक्त निळे होते.

तो रेणू मध्ये नेमका कसा बसतो यावर बराच वाद होता. उभा, तिरपा, एका टोकाने धरलेला? १९८९ मध्ये तोक्योच्या नोबुमासा किताजिमा यांच्या गटाने एक छोटे कृत्रिम संयुग घडवले आणि त्याच्या स्फटिकात ऑक्सिजन आडवा पडलेला दाखवला, दोन्ही अणू दोन्ही तांब्यांना एकदमच धरून. तांब्यात अशी जोडणी त्याआधी कुणी पाहिली नव्हती. त्या संयुगाचे गुण हिमोसायनिनशी इतके जुळत होते की प्रथिनातही तसेच असावे असा निष्कर्ष निघाला, आणि १९९४ मध्ये नालखेकड्याच्या हिमोसायनिनच्या स्फटिकाने तो खरा ठरवला. जाता जाता एक खुलासा: मुठे शिजवल्यावर पाठ नारिंगी होते त्यात धातूचा संबंध नाही, ते कवचातल्या अस्टॅझँथिन या रंगद्रव्याचे काम. आणि दुसरा: मुठ्याला तांबे लागते म्हणून फवारणीचा पंप ओहोळात धुवावा असे नाही. पाण्यातले मोकळे तांबे मासे-मुठ्यांना मारक आहे.

आपल्या रक्तात हे काम लोह करते. हिमोग्लोबिनमध्ये त्याच्याही जागा सहा: चार पॉर्फिरिन या सपाट कड्याचे नायट्रोजन, खालून एक हिस्टिडिन, आणि सहावी जागा ऑक्सिजनसाठी. १९३६ मध्ये लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कॉरिएल यांनी रक्त चुंबकाजवळ धरून पाहिले. ऑक्सिजन नसलेले रक्त चुंबकाकडे ओढले जाते, ऑक्सिजन घेतलेले ओढले जात नाही. म्हणजे सहावी जागा भरताच लोहाचे इलेक्ट्रॉन आपली घरे बदलून जोडीने बसतात. माक्स पेरुत्झ यांनी स्फटिकांवरून १९७० मध्ये पुढचा दुवा जोडला. जागा रिकामी असताना लोह कड्याच्या पातळीबाहेर सुमारे ०.४ आंगस्ट्रॉम असते. ऑक्सिजन आला की ते कड्यात शिरते, हिस्टिडिनला ओढते, आणि त्या ओढीने सबंध प्रथिनाचा आकार बदलतो.

ठाण्या-पालघरच्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेलची तपासणी होते ती या आकारबदलावरच उभी आहे. सिकलसेलमध्ये लोहाची जागा बिघडलेली नसते; बीटा साखळीतला सहावा दुवा, ग्लुटामिक आम्ल, जाऊन तिथे व्हॅलिन आलेले असते. ऑक्सिजन असेपर्यंत ते फारसे नडत नाही. तो सुटला, लोह कड्याबाहेर आले आणि प्रथिनाने कूस बदलली की त्या व्हॅलिनला शेजारच्या रेणूवर बसायला खाच मिळते. रेणूला रेणू चिकटून दोरे होतात आणि पेशी विळ्याच्या आकाराची होते. पाड्यावर बोट टोचून घेतलेला थेंब ज्या नळीत टाकतात तिच्यात पेशी फोडणारे द्रव्य आणि सोडियम डायथायोनाइट असते. डायथायोनाइट सगळा ऑक्सिजन काढून घेते. नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात: रेघा दिसल्या तर ठीक, द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर सिकल हिमोग्लोबिन आहे. ते एकाच पालकाकडून आलेले की दोघांकडून, म्हणजे व्यक्ती नुसती वाहक आहे की रुग्ण, हे या नळीला सांगता येत नाही. त्यासाठी रक्ताचा नमुना इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीला पाठवावा लागतो.